शेवटची गोटी

एकाच विषयात तिसऱ्यांदा नापास झालं की आमच्या विद्यापीठातून नाव काढतात. पहिल्या वर्षाच्या स्पॅनिश व्याकरणात मी दोनदा आपटले होते. त्या सकाळी पेरूतल्या आयाकुचोच्या विद्यापीठाच्या व्हरांड्यात मी तिसऱ्यांदा परीक्षेला उभी होते. आमची योवाना शिक्षिका होणार, असं आईने गावभर सांगून ठेवलं होतं.

परीक्षा तोंडी. पालोमिनो मॅडमच्या टेबलावर कापडी पिशवी, पिशवीत आकडे घातलेल्या सात गोट्या. हात घालायचा आणि जो आकडा येईल त्या धड्यावर बोलायचं. निघालेली गोटी परत पिशवीत जात नाही. नापास झालेले आम्हीही सातजणच होतो. मला धडे येत नव्हते असं नाही. पण घरी आम्ही स्पॅनिश नाही, केचुआ भाषा बोलणारे, मॅडमसमोर उभी राहिले की वाचाच बसायची. मागच्या वेळी मी एक शब्दही न बोलता बाहेर आले होते.

"तू जा आधी," मी आमच्या सातांतल्या एदिलला म्हटलं.

"भित्री भागूबाई," तो म्हणाला. "बरं, मग ते दोन भूतकाळ सांग पटकन. माझ्या डोक्यात नुसता गोंधळ झालाय."

"हे बघ, एदिल. काल जेवलास, संपलं, तो एक. लहानपणी रोज आजीकडे जेवायचास, तो दुसरा."

तो मान डोलावत आत गेला. त्याला भलताच धडा आला, पण सुटला.

मग मी एकेकाला पुढे धाडत राहिले आणि जाता जाता ज्याचं जे अडलं होतं ते सांगत राहिले. बाहेर येणारा आपला आकडा सांगायचा. शेवटी पिशवीत फक्त पाच नंबर उरला. मी भिंतीला टेकून तेवढा एकच धडा घोकला आणि आत गेले.

मॅडमनी पिशवी हलवून पाहिली. "एकच आहे. आणि कोणती, ते तुला चांगलं ठाऊक आहे. हो ना?"

त्यांनी टेबलावरच्या सहाही गोट्या पुन्हा पिशवीत टाकल्या. "काढ आता."

मी हात घातला. निघाला दोन नंबर, म्हणजे भूतकाळ.

मला सगळं आठवत होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. मॅडमनी पेन उचललं. संपलं, मला वाटलं, आता आईला काय तोंड दाखवू? दाराच्या काचेला एदिलचं नाक चिकटलेलं होतं. मी त्याच्याकडेच बघत राहिले.

"हे बघ, एदिल," मी म्हणाले, "काल जेवलास, संपलं, तो एक."

आपण काय बोललो ते कळलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी वळून दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आणि आजीकडे?" त्या म्हणाल्या. "बाहेरचं सगळं दारातून ऐकू येतं मला. आजीकडे रोज जेवायचा, त्याचं काय?"

त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.