उपडा कप

सिरवार्दने दुसरा पाव कापायला घेतला, तेव्हा तिच्या हातातली सुरी कुणीतरी अलगद काढून घेतली.

"एवढे जाड तुकडे? लग्नाचं जेवण आहे का?" म्हातारी म्हणाली. "बाहेर अख्खं गाव उभं आहे, बाई. सरका तिकडे."

सीमेलगतच्या गोरिसमधल्या त्या शाळेत निर्वासितांसाठी वर्गावर्गात गाद्या अंथरल्या होत्या आणि व्यायामशाळेत सूप शिजत होतं. म्हातारीचं नाव रिम्मा. सीमेपलीकडचं, लढाईत हातचं गेलेल्या मार्तुनीकडचं घर सोडून ती कालच ट्रकमधून उतरली होती आणि आज सकाळपासून स्वयंपाकाचा ताबा तिच्याकडे होता. पातळ तुकडे पाडता पाडता ती थांबली आणि तिने सिरवार्दकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही सिनेमातल्या त्या कप बघणाऱ्या ना?"

सिरवार्द कसंनुसं हसली. बैरुतच्या बुर्ज हमूद वस्तीत शिंप्याच्या घरी जन्म, माँट्रियलला नाटकं, पॅरिसला सिनेमे. आणि एवढ्या सगळ्यातून लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर कॉफीचा रिकामा कप उपडा घालून भविष्य सांगणारी एक विधवा. पुढे भूमिका आटल्या आणि भाषणं वाढली. देशोदेशींच्या सभागृहांत उभं राहून तिने आपल्या आजीची हकिगत सांगितली: शंभर वर्षांपूर्वीची कत्तल, गावातून हाकलल्यावर वाळवंटातली पायपीट, वाटेत मागे राहिलेली दोन लेकरं. लोक शांतपणे ऐकत आणि मग पुरावे विचारत. एका सभ्य गृहस्थाने तर भाषणानंतर तिचा हात हातात घेऊन, "काय अभिनय केलात," असं म्हटलं होतं. तो हात तिने घरी येऊन कितीतरी वेळ धुतला होता.

आता तीच पायपीट शाळेच्या खिडकीखालून चालली होती. टपांवर गाद्या बांधलेल्या गाड्या डोंगर उतरून एकामागे एक येत होत्या. तिला इथे घेऊन आलेल्या मदत संघटनेचा रफी कॅमेरा घेऊन फाटकाशी उभा होता. जगाला आवाहन करायचं होतं. सकाळी ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. कोणत्या जगाला सांगायचं? म्हणून ती पाव कापायला आली होती, आणि तेही तिला धड जमत नव्हतं.

"माझं एक काम कराल?" रिम्माने आवाज खाली आणला. "ती खिडकीपाशी बसलीय ना, ती माझी सून. शोघिक. सातवा महिना आहे. घर सोडल्यापासून पोटात अन्नाचा कण नाही. स्लाविक पेट्रोल आणायला गेला होता, तिथे साठ्याला आग लागली. तिला वाटतंय, तो मागून येईल."

"आणि तुम्हाला?"

रिम्मा पावाचा चुरा बोटाने गोळा करू लागली.

"वाटेत दवाखान्यातून फोन आला. त्यांनी पट्ट्याच्या बक्कलचं वर्णन केलं, त्यावरून ओळखला. मीच घेऊन दिला होता तो पट्टा." चुरा तिने सुपात टाकला. "तिला आत्ता सांगितलं तर दोघंही जातील. बाळंत होऊ दे, मग मी सांगेन. तुम्ही तिचा कप बघा. येतोय म्हणा. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

"रिम्माताई, मला कप बघता येत नाही. ते सिनेमात होतं."

"मग सिनेमातलंच करा," रिम्मा म्हणाली. "कुणाला कळतंय?"

नाही म्हणायचं सिरवार्दच्या ओठांवर आलं होतं. पण रिम्माने तोवर कॉफी उकळायला ठेवलीसुद्धा.

शोघिकने कॉफी मुकाट्याने प्यायली, कप बशीवर उपडा घातला आणि तो निवेपर्यंत बाहेरच्या गाड्यांकडे पाहत बसली. सिरवार्दने कप उचलला. आत काळा गाळ ओघळून वाळला होता. त्यात तिला काहीही दिसलं नाही. तिने तोच जुना, जरा खर्जातला आवाज लावला.

"वाट दिसतेय. लांबची आहे, पण खुली आहे. हा बघ पक्षी, म्हणजे निरोप. आणि इथे दारात माणूस उभा आहे. दमलाय, पण उभा आहे."

"स्लाविक?" शोघिकने विचारलं.

"तोच," सिरवार्द म्हणाली. तिला स्वतःची शिसारी आली.

शोघिकने ताटलीतला पाव उचलला, त्याला लोणी फासलं आणि खाल्ला. मग दुसरा. रिम्मा तिच्या प्रत्येक घासाकडे पाहत होती. इतकी वर्षं खरं सांगून कुणाच्या गळी उतरलं नाही आणि हे खोटं एका घासासरशी उतरलं, हे सिरवार्दच्या मनात आलं.

"आता अंगठा," तिने कप पुढे केला. कप बघून झाला की ज्याचा कप त्याने तळाशी अंगठा दाबून मनातलं मागायचं, ही रीत तिच्या आजीच्याही घरी होती.

शोघिकने कपाकडे पाहिलं.

"माझे हात लोण्याने बरबटलेत. आई, माझ्या वतीने तुम्ही दाबा."

रिम्माने डोळे मिटून अंगठा दाबला. तिचे ओठ हलत राहिले. मग सुपाच्या पातेल्याकडून कुणीतरी हाक मारली आणि ती लगबगीने गेली.

शोघिकने कप-बशी उचलली आणि जड पावलांनी बाहेरच्या नळावर गेली. सिरवार्द तिच्यामागून गेली. तळाचा अंगठ्याचा ठसा शोघिकने बोटाने पुसला, कप धुतला, पुन्हा धुतला.

"फोन आला तेव्हा मी ट्रकमध्ये जागीच होते," ती म्हणाली.

सिरवार्दने नळाचा पाइप धरला.

"मला कळलंय, हे त्यांना सांगू नका. माझ्यापासून लपवायचं आहे, म्हणून त्या उभ्या आहेत. पाव कापतात, लोकांना दटावतात. हे काम संपलं तर त्या बसतील, आणि बसल्या की उठायच्या नाहीत." तिने कप झटकला. "उद्याही बघाल ना? पाव मला जात नाही, पण खाईन."

फाटकावरून रफीने हात केला. उजेड चांगला होता. सिरवार्दने त्याला पाहिलं, पण ती आत गेली.

"काय म्हणत होती?" रिम्माने विचारलं. तिने मान वर केली नाही, पण सुरी थांबली होती.

"अजून पाव मागतेय," सिरवार्द म्हणाली.

रिम्माचा लगेच विश्वास बसला. तिने नवा पाव पुढे ओढला आणि त्याचा चांगला जाड तुकडा कापला.