रूपरावांच्या कमरेचा भार वाहिलेला बुश

वाचकहो, प्रस्तुत लेखात एका रबरी बुशाचे जीवनचरित्र त्याच्याच मुखाने कथन करण्यात येणार असून, गाडीस मऊ बुश योग्य की कठीण, या गहन प्रश्नाचा निर्णय कसा झाला, हे साद्यंत सांगितले जाईल. कृपया चित्त एकाग्र करावे.

मी एक जुना बुश आहे. मित्रांनो, चाकाला धरून ठेवणारा लोखंडी आर्म गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो, त्या सांध्यात माझा निवास होता. बाहेर पोलादी कडे, आत पोलादी नळी आणि मधोमध रबर, अशी माझी काया. मी जागेवरून सरकत नाही. चाक वरखाली झाले की स्वतःच्याच अंगात पीळ घेतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. चाकाला बसलेला दणका मी गिळतो, म्हणून तो वर बसलेल्यांपर्यंत पोहोचत नाही.

आमची गाडी लाल रंगाची, दोन दारांची स्पोर्ट्स कार. मालकीण मंजुषाताई तीच गाडी घेऊन आंजीहून रोज वर्ध्याला बँकेत जातात. शेजारी त्यांचे वडील रूपराव बसत. ते एसटीचे निवृत्त चालक. कमरेच्या ऑपरेशनमुळे त्यांना रोज वर्ध्यास व्यायामोपचारासाठी जावे लागे. बापलेकीची ही सोबत माझ्या रबरावर टिकून होती, याचा मला केवढा अभिमान वाटे!

परंतु काळ कोणाला सोडतो? माझ्या रबराला चिरा पडल्या. गाडी खडखडू लागली.

"पोरी, गाडी चालवून राह्यली का दगडं फोडून राह्यली?" रूपराव म्हणाले.

गाडी चंदन मेकॅनिककडे गेली. ताईंनी बँकेतून त्याला फोन केला, "चंदनभाऊ, बुश एकदम कडक टाकजा." चंदनने त्या आज्ञेचे तंतोतंत पालन केले. माझ्या जागी पॉलियुरेथेन नावाच्या टणक प्लॅस्टिकचे पिवळेधमक बुश ठोकले. एवढेच नव्हे, तर वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याचे रबरही त्याने काढून तेथेही पिवळेच बसवले. काढलेला पार्ट मालकाच्या हाती देण्याची रीत असल्यामुळे मला मात्र गिअरजवळच्या कप्प्यात स्थान मिळाले. जन्मभर खाली चिखलात राहिलेला मी प्रथमच माणसांत बसलो!

आणि काय तो प्रवास! स्टीअरिंगला बोट लावावे आणि गाडीने वळावे. "पाय नं पोरी, कशी वळली," रूपराव आनंदाने म्हणाले. इतक्यात स्पीडब्रेकर आला. त्यांचा हात कमरेकडे गेला.

"उद्यापासून मी एसटीनं जातो."

"एसटीत काय दणके नाई बसत, बाबा?"

"बसते. पन तिथं पोरगी चालवत नाई. ड्रायव्हरले शिव्या देता येते."

ताई हसल्या नाहीत. गाडी त्यांनी थेट गॅरेजकडे वळवली.

"चंदनभाऊ, हे काय टाकलं?"

"ताई, तुमीच तं म्हटलं, कडक टाकजा."

"अवो, कडक म्हंजे फर्स्टक्लास!"

"आमच्या गॅरेजात कडक म्हंजे कडकच असते, ताई."

रूपराव कमर धरून हसू लागले. "मेलो तं दोघायच्या नावानं बोंब मारीन," ते म्हणाले.

चंदन म्हणाला, "सगळे रबरीच बसवून देतो." पण ताईंच्या मनातून ते वळण जाईना. त्यांनी मला आणि एका पिवळ्या बुशाला शेजारी ठेवून अंगठ्याने दाबून पाहिले. मग विचारले, "बाबाले दणका कुठून येते आन् गाडी कलते कुठून?" चंदनने हात लावून दोन्ही जागा दाखविल्या. ताईंनी निर्णय दिला, "मंग दांड्याले पिवळेच राहू द्या. आर्मले रबरी टाका."

मित्रांनो, माझाच तरुण भाऊबंद तेथे विराजमान झाला! चंदनने गाडी जॅकवरून खाली घेतली आणि चाकांवर पूर्ण भार आल्यावरच शेवटचा बोल्ट आवळला. चाके अधांतरी असताना आवळला असता, तर त्या बिचाऱ्याच्या अंगात कायमचा पीळ राहून तो अल्पायुषी ठरला असता.

दुसऱ्या दिवशी रूपराव गाडीत बसले खरे, परंतु एसटीचा पास खिशात ठेवूनच. वळणावर गाडी तशीच झोकात वळली. पुढे तोच स्पीडब्रेकर दिसला. ताईंनी श्वास रोखला. मीही कप्प्यात आकसलो. गाडी वर चढली, खाली उतरली.

"थांब," रूपराव म्हणाले. "मागं घे."

ताईंचा चेहरा उतरला. "काऊन? लागलं का, बाबा?"

"नाई. पुन्हा एकदा जाऊ दे त्याच्यावरून."

मित्रांनो, आपल्या वाहनाखाली माझ्यासारखे अनेक जण मुकाट्याने पीळ सोसत आहेत. खडखड ऐकू येताच त्यांची विचारपूस करावी, आणि नवा बुश निवडताना शेजारी कोण बसणार आहे, याचा विचार आधी करावा, ही करबद्ध विनंती.

येथवर वाचन केल्याबद्दल सर्व वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
तानबा गुळघाणे
आंजी (मोठी), जि. वर्धा