मेजर यार्मोला यांचे सोळा रणगाडे

शूराच्या खऱ्या पराक्रमाला जो खोट्याची जोड देतो, तो त्याचा मान वाढवीत नाही; त्याच रणांगणावर पडलेल्या दुसऱ्या कोणाचा तरी मान हिरावून घेतो. आमच्या बेलारूसी गावाने वीस वर्षे अजाणता हेच केले.

विजयदिनी सफरचंदाच्या बागेत गर्दी लोटली होती. माहिती सांगणारा हेनाद्झ फलकावरील शत्रूच्या उडवलेल्या रणगाड्यांच्या सोळा छायाचित्रांवर काठी फिरवीत गर्जत होता, "एकटा रणगाडा, सोळा बळी, अर्धा तास! बागेतून सुटलेला गोळा मेजरसाहेबांच्या नुसत्या इच्छेने हवेत वळायचा!" बायका छातीवर क्रूस रेखीत होत्या. वृद्ध मेजर यार्मोला खुर्चीत बसून स्वतःच्या बुटांकडे पाहत होते.

गोठ्यावर काम करणारी आगाफ्या माझ्या शेजारी उभी होती. तिचा भाऊ त्सिमाफेय पलीकडच्या ओढ्यात तोफ चालवताना कामी आला होता. स्मारकशिलेवर त्याचे नाव कोरावे, हा तिचा अर्ज तीनदा परत आला. दरवेळी उत्तर एकच: सोळाही मेजरांनी उडवले, मग तोफेने काय केले?

"मास्तर," ती कुजबुजली, "ही पहिली आणि ही सहावी, एकच गाय आहे."

"गाय?"

"रणगाडा हो! तोच वाकलेला पत्रा, तीच तुटकी साखळी. चाळीस गायी मी मागूनसुद्धा ओळखते."

मी छायाचित्रे उतरवली आणि दोघांनी खुणा जुळवून ती गवतावर मांडली. पुढून, मागून, दोन्ही कुशींकडून. रणगाडे भरले चार!

"काय रे हेनाद्झ, चारी बाजूंनी फोटो काढला की गाय चार बादल्या दूध देते का?" आगाफ्याने विचारले. गर्दी खदखदून हसली.

"पण चार तरी मेजरांचेच!"

"मेजर बागेत होते, आणि बाग या रणगाड्यांच्या समोर होती," मी म्हणालो. "मग तिघांना भोक कुशीत, ओढ्याच्या बाजूला कसे?"

"गोळा वळला!"

तेव्हा मेजर काठी टेकत उठले. "अरे बाबा, वळणारे गोळे असते, तर आम्ही युद्ध घरी बसूनच जिंकलं असतं. माझा एकच. वार्ताहर प्रत्येकाभोवती फिरून फोटो काढत होता, तेव्हाच त्याला सांगितलं. तो म्हणाला, एकाने अंक खपत नाही. पुढे टाळ्या पडत गेल्या, मी गप्प राहिलो. आगाफ्या, चुकलो मी, पोरी. ते तीन तुझ्या भावाचे. अर्ज आण, खाली माझी सही राहील."

शरद ऋतूत शिलेवर त्सिमाफेयचे नाव कोरले गेले.

वाचकहो, आदराने मस्तक लववावे, पण डोळे उघडे ठेवून. कोणी आकडा सांगितला, तर तो मोजून पाहावा. खऱ्या वीराचे त्याने काही उणे होत नाही.

त्सिमाफेयला शांती लाभो, आणि मेजरांना उतारवयात हलक्या मनाची झोप.