सांदवाडीतली चकरी

मार्कंड्याच्या जत्रेत चकरीवाल्याने कमळाला चकरीवर बसवलं नाही, तिथून हे सगळं सुरू झालं. लाकडी घोडे गरगर फिरत होते, पोरं किंचाळत होती, आणि मुखरू वाढई, म्हणजे गावचा सुतार, नातीला खांद्यावर घेऊन किती वेळचा रांगेत उभा होता. बारी आली तेव्हा चकरीवाल्याने तिच्या पायाकडे पाहिलं. तान्ही असताना तापात डावा पाय गेला होता तिचा, काडीसारखा लोंबायचा. पडली-झडली तर माझ्या गळ्यात येईल, असं म्हणून त्याने मागच्या पोराला वर घेतलं. कमळा रडली नाही. अरे, सात वर्षांच्या पोरीने रडायला नको? रडली असती तर म्हाताऱ्याला जरा बरं तरी वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "चाल आबाजी, घरी जाऊ."

घरी आल्यावर मुखरूने सुनेला, वच्छलेला, सांगून टाकलं की घरामागच्या सांदवाडीत यंदा मका लावायचा नाही. मग काय लावता, असं तिने विचारलं. पोरं लावतो, म्हणाला. वच्छलेने कपाळावर हात मारून घेतला. तिचा नवरा राजुऱ्याकडे खाणीत, ती स्वतः दुसऱ्यांच्या शेतात, आणि कमळा दिवसभर उंबऱ्यावर. गावातली पोरं तिच्यासमोरून नदीवर पळत जायची. पळणारी पोरं कोणासाठी थांबतात होय? मुखरूचं म्हणणं साधं होतं. पोरीला पोरांकडे जाता येत नाही, तर पोरांनीच पोरीकडे यावं.

मग म्हातारा नुसता झपाटला. वैनगंगेची वाळू बैलबंडीने आणून त्याने ढीग घातला. चिंचेच्या फांदीला रानातल्या जाड वेलाचा झोका टांगला. आतून पोखरलेलं खोड आडवं टाकलं, त्यातून सरपटत जायला पाय लागत नाहीत. बांबू उभे चिरून पाण्याची पन्हळ केली, तीही अशी की कमळाला बसल्या जागेवरून हात पुरावा. वाळूत झाडाच्या शेंगा, चिंचोके, शंखशिंपले. गावातले लोक हसले. या वयात म्हातारा भातुकली मांडून बसला, म्हणाले.

राहिली चकरी. सांदवाडीत ऐनाच्या झाडाचा जुना खुंट होता, त्यालाच वर तासून त्याने बोटभर उंचीचं बोंड काढलं. आडव्या लाकडाला मात्र साग पाहिजे. मागच्या वादळात रानात एक सागाचं झाड उन्मळून पडलं होतं, त्याची फांदी तो बैल जुंपून ओढत घेऊन आला. दिवसाढवळ्या, गावातून, बैलांना हाका मारत. चोर असा येतो का? रान मालगुजाराचं होतं तेव्हा पडलेल्या लाकडाला कोणी विचारत नव्हतं. मालगुजारी गेली, रान सरकारचं झालं, हे मुखरूलाही ठाऊक होतं. पण आपल्या मरणाने मेलेलं झाडसुद्धा सरकारचंच, हे काही केल्या त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

फांदीच्या मधोमध त्याने खोबण कोरली, ती खुंटाच्या बोंडावर बसवली. दोन्ही टोकांना एकेक पोर बसायचं, बाकीच्यांनी ढकलायचं. एका टोकाला त्याने कमळाच्या डाव्या पायापुरती खाच कोरली. पाय त्यात ठेवला की लोंबायचा नाही, भिरभिर फिरलं तरी जागचा हलायचा नाही. शेवटी खोबणीत कोळशाची भुकटी टाकली. तेल घातलं असतं तर चकरी मुकाट फिरली असती. कोळशाने लाकूड गातं, कुईंऽ कुईंऽ, पार नदीपर्यंत ऐकू जातं. बापाने शिकवलेली ही वाढयाची खुबी, म्हाताऱ्याला भारी अभिमान. आणि पोरं आलीच की! नदीवरची ओली पोरं आवाजामागे धावत सांदवाडीत घुसली. वारलू, पोचू, लच्छू, सगळी टोळी. कमळा खुंटाशेजारी बसून बोट वर करायची, "दोन फेरे झाले, उतरा!" अन् जे पोरगं तिच्याकडे कधी वळून पाहत नव्हतं, ते मुकाट्याने उतरायचं. वच्छला शेतातून आली की कुडाआडून हे बघत राहायची. तिने मग मक्याचं नाव काढलं नाही.

अठरा दिवस चकरी गायली. तो आवाज पोरांना ऐकू गेला तसा रस्त्याने सायकलवर चाललेल्या नाकेदारालाही गेला. रान राखायला ठेवलेला माणूस, लाकूड ओळखायला त्याला वेळ लागला नाही. हा आवाज कशाने येतो, असं त्याने विचारलं, म्हाताऱ्याने भोळेपणाने कोळशाची खुबी सांगितली. मग नाकेदाराने सागावर हातोड्याने सरकारी ठप्पा मारला, कागदावर मुखरूचा अंगठा घेतला, आणि परत लाकडाला हात लावलास तर आत टाकीन म्हणाला. ती फांदी मुखरूलाच स्वतःच्या बंडीत घालून रेंजरच्या ठाण्यावर पोचवावी लागली. कमळाने विचारलं, कवा परत येते? साहेब मोजतील आणि देतील, असं तो म्हणाला. नातीशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला.

नाकेदाराच्या धाकाने आयांनी पोरांना सांदवाडीत पाठवणं बंद केलं. खुंट तेवढा उभा राहिला, वर बोंड काढलेला. कमळा वाळूत बसून असायची.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत रेंजरच्या बंगल्यावरून निरोप आला, वाढयाला बोलावलंय. वच्छला चिखलात होती, म्हणून मुखरू कमळाला खांद्यावर घेऊनच गेला. बंगल्यामागच्या अंगणात नवा खुंट रोवला होता, आणि त्यावर त्याचीच फांदी. ठप्पा खालच्या अंगाला केला होता. रेंजरची दोन पोरं ती ओढत होती.

रेंजरीणबाई स्वभावाने वाईट नव्हती, हे सांगायलाच हवं. तिने कमळाच्या हातावर गूळ ठेवला. लाकूड डेपोतून आणलंय म्हणाली, तिला तेवढंच ठाऊक. पण एका टोकाला कसलासा खड्डा आहे, मुलाचा पाय खरचटतो, तो बुजवून द्या. आणि ही आवाज करते असं नाकेदार सांगत होता, ती गप्पच आहे.

कमळा आज्याच्या कानाशी लागली. "आबाजी, हे तं माही चकरी हाये."

"नाई बाई. दुसरी हाये."

नाकेदार ओट्यावर बसला होता. मुखरूने लाकडाचा तुकडा तासला, खाचेत ठोकला, वरून रंधा मारला. खाच कुठे होती ते बोट फिरवूनही कळू नये असं काम. वाईट करायचं म्हटलं तरी मेल्या हातांना येत नाही! कमळा शेवटपर्यंत बघत होती.

पण आवाज द्यायचा नाही, असं म्हाताऱ्याने मनाशी घट्ट धरलं. सगळं नेलंत, एवढं माझ्यापाशी राहू द्या. तो म्हणाला, "हे लाकूड मुकं हाये, बाईसाहेब. याच्यातून आवाज नाई निघत."

"कोळसा टाक नं, आबाजी," कमळा मोठ्याने म्हणाली. "तू भुलला का?"

बाई हसली. हो, नाकेदार कोळशाचंच काहीतरी म्हणत होता, म्हणाली, आणि मुलाला चुलीकडे पिटाळलं. मुखरूने कोळसा कुटला, खोबणीत घातला. चकरी गायला लागली. पोरांनी आरोळ्या ठोकल्या. कमळाने जमिनीवर बसल्या बसल्या बोट वर केलं, "दोन फेरे झाले, उतरा!" कोणी उतरलं नाही. तिचं बोट वरच राहिलं. ते बाईने पाहिलं. तिने मुलाला दटावून उतरवलं आणि म्हणाली, "बसवा हो तिलाही एकदा."

मुखरूने नातीला टोकावर बसवलं. तिने सवयीने डावा पाय हाताने उचलून खाचेच्या जागी ठेवला, तो रंधा मारलेल्या गुळगुळीत लाकडावरून घसरला आणि लोंबायला लागला. चकरी अर्धा फेरा फिरली. कमळा कलली, दोन्ही हातांनी लाकूड घट्ट धरून बसली.

"उतरव," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर ती पुन्हा खांद्यावर होती. मागे बंगल्यातून आवाज येत होता, कुईंऽ कुईंऽ, स्वच्छ, कुठे अडखळत नव्हता. नदी आली तेव्हा तिने वाकून आज्याच्या कानाशी विचारलं, "आबाजी, माही खाच तुनं काऊन बुजवली?"

मुखरू चालत राहिला. आवाज नदीपर्यंत येतच होता.