उन्हात ठेवलेल्या नळ्या

दीक्षा मशीनच्या खोलीतून प्रयोगशाळेत परत आली तेव्हा तिच्या बाबांनी, देवमननी, बर्फाच्या डब्यातल्या साऱ्या नळ्या फॉइल सोडवून, शेल्यानं पुसून, खिडकीत उन्हाला मांडल्या होत्या. करंगळीच्या पेराएवढ्या नळ्या, शाळेच्या ग्रुप फोटोला उभ्या केल्यासारख्या.

"बर्फ वितळलं ना," देवमन म्हणाले. "पान्यात बुडून राहिल्या होत्या बिचाऱ्या. म्हनलं, जरा ऊन दाखवा."

दीक्षाची आई मनकर्णा होती तोवर घरात ऊन न दाखवलेली वस्तू सापडत नसे. गाद्या, तूर, देवमनचे गुडघे, सगळं गच्चीवर. ती गेल्यावर पातूरच्या घरात हे काम करायला एकच माणूस उरला होता, आणि वर न्यायच्या वस्तू संपत आल्या होत्या.

दीक्षानं एक नळी उचलली. सकाळी आत गुलाबी होतं. आता पाणी होतं.

डीएनएच्या धाग्याला चमकणारा रंग चिकटवला, तर तो किती चमकेल हे शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतं. एखाद्या शेजाऱ्यापाशी तो खुलतो, एखादा त्याला पार विझवून टाकतो. तिची भातकुलीची मावशी माणसांबद्दल हेच कोणत्याही मशीनशिवाय सांगत आली होती. दीक्षाला त्यावर पीएचडी करायची होती. धागे मुद्दाम बनवून मागवलेले, मशीनवर कसाबसा लागलेला नंबर. आज मोजणी झाली असती तर दिवाळीपर्यंत प्रबंध देऊन ती पातूरला राहायला जाणार होती. तसं तिनं कबूल केलं होतं. बाबांनी तिची खोली रंगवूनही घेतली होती.

"आज होऊन जाईन ना मंग?"

"मशीन बिगडली, बाबा."

"आता?"

"आत्ताच."

"मंग दिवाळी?"

"दिवाळीले काही होत नाही आता. वेळ लागन."

देवमननी शेल्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"बरं. पातूरहून इतक्या लांब आलो, तुहा उजेड त पाहू दे."

उजेडच तर उरला नव्हता. फ्रीझरमध्ये दुसऱ्या जातीच्या रंगाची बाटली तेवढी होती. तिनं एका पेल्यात मिठाचं पाणी केलं.

"चूळ भरा, अन् याच्यातच थुका."

"युनिव्हर्सिटीत?"

"युनिव्हर्सिटीतच."

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग अत्यंत अदबीनं थुंकले. दीक्षानं त्यात भांड्याच्या साबणाचं पाणी घातलं, वरून गार स्पिरिट हळूच सोडलं. पांढरे तंतू वर आले, बाबांचा डीएनए. तिनं ते नळीत घेतले आणि खिडकीचा पडदा ओढला.

"पडदा काहून?"

"उन्हात रंग उडते ना—" ती थांबली. "म्हनजे, अंधारात चांगलं दिसते."

देवमननी पडद्याकडे पाहिलं. पडद्यामागे नळ्या तशाच उभ्या होत्या.

तिनं निळा दिवा लावला, समोर नारिंगी काच धरली.

"हा नुसता रंग. काही दिसते?"

"नाही."

"एकटा असला की असाच असते. जेवढा उजेड खाते, तेवढा हातपाय झाडन्यात घालवते."

"रिटायर झाल्यावानी," देवमन म्हणाले.

मग तिनं तोच रंग तंतूंच्या नळीत सोडला. नळी हिरवीगार पेटली. देवमन जरा मागे सरकले.

"हा मी?"

"तुमी."

"एवढा?"

"एवढा."

बराच वेळ ते स्वतःकडे पाहत राहिले.

"आता तुही कर."

तिनं चूळ भरली. दुसरी नळीही पेटली. अगदी तसाच हिरवा. काही फरक नव्हता.

"याच्यात अर्धे तुमी," दीक्षा म्हणाली. "अर्धी आई."

देवमन काचेच्या आणखी जवळ वाकले. त्यांचा श्वास काचेवर उमटला, तो त्यांनी शेल्यानं पुसला. कुठून तरी ऑटोचा भोंगा आला. दीक्षा दिवा बंद करून पडद्याकडे वळली, तसा अंधारातून त्यांचा हात तिच्या मनगटावर आला.

"थांब."

त्यांनी पिशवीतली भाकरी चाचपडत काढली, तिचं फॉइल सोडवलं, झटकलं. तिची नळी त्यात नीट गुंडाळली आणि दोन्ही टोकं दोनदा दुमडली, मनकर्णा दुमडायची तशी.

"उघड आता."

पडदा सरकला. खिडकीच्या कट्ट्यावर बिनरंगी पाण्याच्या नळ्या उन्हात रांगेनं उभ्या होत्या. देवमननी त्या एकदा पाहिल्या. मग फॉइलची पुडी तिच्या तळहातावर ठेवली आणि उघडी भाकरी परत पिशवीत घालत, तिच्याकडे न बघता म्हणाले,

"मशीन सुधरली की सांगजो."