मानाचं शिसं

मी एक जुनी शिशाची पट्टी आहे. लांबीला वीतभर, रंगाला राखी, आणि दिसायला, खरं सांगायचं तर, काहीच नाही. मला चमक नाही, धार नाही, आपटलं तरी नीट आवाजसुद्धा येत नाही. मित्रांनो, माझ्या अंगी एकच गुण आहे, तो म्हणजे वजन. या एका गुणावर मी हळदीकुंकू लावून घेतलं, हारतुरे घेतले, बँडबाजा ऐकला. माणसं कशाचीही पूजा करतात, त्यात माझा काय दोष?

माझा जन्म पनवेलच्या एका ओतकामाच्या शेडमध्ये झाला. त्याआधी मी कोळ्यांच्या जाळ्याला लावलेल्या गोळ्यांमध्ये होते आणि जाळं तळाशी ओढायचं काम करत होते. जाळी फाटली, गोळ्या भंगारात गेल्या, वितळल्या, साच्यात पडल्या. बाहेर आले तेव्हा समोर एक उंच, सडपातळ गृहस्थ मला हातात घेऊन उलटसुलट बघत होते. हे हायम आपटेकर. इस्रायल तळ्याजवळ राहायचे. मुंबईच्या रेसकोर्सवर वजनकाट्यापाशी त्यांनी उभी हयात नोकरी केली होती आणि निवृत्त झाल्यावर घरी बसून त्यांचा जीव रमत नव्हता. ते बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे ज्यू; शनिवारी ते काडीचंही काम करत नसत, म्हणून आमच्या शर्यती कायम रविवारी व्हायच्या.

आमच्या म्हणजे खाडीकाठच्या एका गावाच्या. तिथे वैशाखात जत्रा भरते आणि जत्रेला जोडून सुकलेल्या मिठागराच्या तळावर घोड्यांच्या शर्यती होतात. एका अंगाला द्रोणागिरीकडचे कंटेनर एकावर एक रचलेले, दुसऱ्या अंगाला माणसांचा समुद्र, आणि मधे तापलेली, टणक, पांढुरकी जमीन. गावाची शेतं आणि मिठागरं बंदराच्या प्रकल्पात गेली, त्यांचे पैसे आले. ज्यांच्या आजोबांनी डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या त्यांच्या दारात घोडे आले. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते खरंच आहे.

पण पहिल्या गटाची शर्यत, म्हणजे सगळ्यात नामी घोड्यांची, दरवर्षी एकच घोडा मारू लागला तर लोक बघायला कशाला येतील? म्हणून जत्रेच्या कमिटीने हायमकाकांना बोलावलं. काका आठवडाभर आधीपासून सकाळी मिठागरावर खुर्ची टाकून बसत. कोण सुरुवातीलाच सुसाट सुटतो, कोण शेवटाला दमतो, कुणाला वळणावर भीती वाटते, सगळं ते डोळ्यांत साठवत. मग सांगत, याला पट्टी नको, याला एक, त्याला तीन. जीनाखालच्या कापडाला खिसे असतात, त्यांत आम्हाला बसवत. चांगल्याला भार जास्त, कच्च्याला कमी, म्हणजे सगळे खांद्याला खांदा लावून पोचतील. बाकी जगात आळशाला शिक्षा होते, इथे गुणवानाला. मला हा न्याय फार आवडायचा, कारण त्या न्यायाची काठी मीच होते.

आता गंमत ऐका. मुंबईत घोड्याचे मालक काकांपुढे हात जोडायचे, "साहेब, किलोभर तरी कमी करा हो." इथे उलटंच झालं. पहिल्याच वर्षी गावाने ठरवून टाकलं की ज्याच्या घोड्यावर शिसं जास्त, त्याचा घोडा मोठा आणि त्याचं घरही मोठं. आमचं नाव पडलं मानाचं शिसं. आम्हाला थाळीत ठेवून, नारळ फोडून, वाजतगाजत मंचावर आणू लागले. मालक काकांकडे तक्रार घेऊन येत, "काका, आमच्यावर राग हाय का तुमचा? शेजाऱ्याला तीन आन् आमाला दोनच?" काका कपाळाला हात लावत. "अरे बाबांनो, हे ओझं आहे, बक्षीस नाही." पण ऐकतो कोण! आपलंच घोडं पुढे दामटायची सवय. त्या घोड्याच्या पाठीवर काय आहे ते कोण बघतो?

या सगळ्यांत हौशी होते महादेवशेठ. जमीनजुमला, दोन गोदामं, गळ्यात जाड साखळी, आणि दारात शेवंती. शेवंती ही त्यांची घोडी. अंगाने पिवळसर, कपाळावर पांढरा टिळा, आणि पळायला लागली की मागचे घोडे धूळच खात. दोन वर्षं ओळीने पहिला गट तिने मारला होता. त्यामुळे तिच्या खिशांत आम्ही चार पट्ट्या, सगळ्या मैदानात जास्त. महादेवशेठ घोडीला आवडीने बघत, पण तिला खरारा करायची, आंघोळ घालायची, चारापाणी बघायची ती त्यांची मुलगी मनस्वी. ती पनवेलच्या कॉलेजात शिकवायची. सकाळी तबेल्यात तासभर घालवूनच कामाला जायची.

यंदा शर्यतीच्या सकाळी मनस्वीने काकांना बाजूला बोलावलं. "काका, हिच्या पुढच्या डाव्या पायाला हात लावून बघा. कालपासून तिथे हात लावू देत नाही."

काका खाली बसले, पायाच्या मागच्या शिरेवरून बोटं फिरवली. शेवंतीने पाय झटकला. काका उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. ते तडक महादेवशेठकडे गेले. "महादेव, शीर सुजली आहे. हिला आज पळवू नकोस."

"पळवू नको? पावनं जमल्यान, जावई आल्यान, न् घोडी घरात ठेवू?"

"मग निदान भार उतरव. मी हिला मोकळ्या पाठीने सोडतो. बाकीच्या मालकांना मी समजावतो." असं म्हणून काकांनी स्वतःच्या हाताने आम्हा चारही जणींना खिशांतून काढलं आणि टेबलावर ठेवलं.

शेवंतीने त्या वेळी लांब श्वास सोडला. मी टेबलावर पडून ऐकला. मला राग आला, हे मी लपवत नाही. वर्षातून एक दिवस माझा, आणि तोही हा म्हातारा हिरावून घेत होता.

पण माझी काळजी घ्यायला माणसं होती. कमिटीचे अध्यक्ष परेशशेठ तिथेच उभे होते. त्यांचाही घोडा पहिल्या गटात होता, तीन पट्ट्यांचा. ते चार माणसांना ऐकू जाईल असं हसले. "काय महादेवशेठ, शिसं उतरवलं? आता आमचाच घोडा मानाचा म्हनायचा."

झालं. महादेवशेठचे कान लाल झाले. "माजी घोडी मोकल्या पाठीनं पलनार नाय! गावात नाक कापून घेऊ का?" त्यांनी पुतण्याला, म्हणजे शेवंतीवर बसणाऱ्या हितेशला, हाक मारली. "हितेश, चढव सगलं परत."

"बाबा, तिचा पाय गरम आहे हो," मनस्वी म्हणाली.

"वैशाख हाय, गरमच लागनार. तुजा पन पाय गरम लागल."

लोक हसले. हितेशने एकेक करून आम्हाला पुन्हा खिशांत कोंबलं. काकांनी परेशशेठकडे पाहिलं, कारण थांबवायचा अधिकार अध्यक्षांचा होता. परेशशेठनी माइक हातात घेतला आणि ओरडले, "महादेवशेठच्या शेवंतीवर मानाचं शिसं चढलं हो!" टाळ्या पडल्या, बँड वाजला. काका आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

शर्यत सुटली. खिशातून मला काही दिसत नाही, पण घोडीचं अंग मला सगळं सांगतं. शेवंती नेहमीसारखी सुटली नाही. तिने डावा पाय चोरून टाकला. मग गर्दीचा गलका कानावर पडला, हितेशची टाच लागली आणि बिचारी सगळं विसरली. मुक्या जनावराला दुखणं लपवायची अक्कल असते, आपल्या जिवाची किंमत मागायची नसते. ती पळत राहिली आणि मी माझं काम करत राहिले. दर टापेला मी तिला त्या टणक जमिनीवर दाबत होते, चोख, न चुकता. परेशशेठचा घोडा बरोबरीला आला. शेवंतीने मान लांब केली. शर्यत संपायचा खांब अगदी समोर आला असताना तिच्या खालून एक आवाज आला, वाळकी फांदी मोडावी तसा. तरीही ती खांब ओलांडून गेली. मानेच्या अंतराने जिंकली.

मग ती तीन पायांवर उभी राहिली. चौथा खाली नुसता लोंबत होता. हितेश उडी मारून उतरला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

जनावरांच्या डॉक्टर वसुंधराबाई धावत आल्या. बघताच म्हणाल्या, "हाड बाहेर आलंय. आता हिला कायमचं झोपवणं एवढंच आपल्या हातात आहे. मालकांनी हो म्हणायला हवं. लवकर सांगा, फार दुखतंय तिला."

महादेवशेठ समोरच होते. त्यांचे डोळे भरले होते, खोटं कशाला सांगू. पण तेवढ्यात माइकवरून त्यांचं नाव पुकारलं. ओळीने तिसरं वर्ष! पाचवी पट्टी! आजवर कुणाला न मिळालेला मान! महादेवशेठनी एकदा घोडीकडे पाहिलं, एकदा मंचाकडे. "जरा थांबा बाई, आलोच," असं म्हणून ते निघाले.

आणि घोडी थांबली. मित्रांनो, मंचावर हार घातले गेले, फेटा बांधला गेला, परेशशेठनी मोठ्या मनाने भाषण केलं, फोटो काढले, जावयासोबत आणखी काढले. तेवढा वेळ शेवंती भर उन्हात उभी होती. तिचं अंग थरथरत होतं आणि घाम माझ्या कापडातून खाली गळत होता. भार उतरवायचंही कुणाला सुचलं नाही. मनस्वीने दोन्ही हातांनी तिचं डोकं छातीशी धरलं होतं.

शेवटी तीच म्हणाली, "बाई, द्या इंजेक्शन."

"मालक?"

"मालक मंचावर आहेत. घोडी इथे आहे. मी सांगते, द्या."

शेवंती आधी गुडघ्यांवर आली, मग कुशीवर. मी तिच्या अंगाखाली दबले. आयुष्यात पहिल्यांदा मी खाली होते आणि ती वर.

महादेवशेठ आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. डोक्यावर फेटा, हातात थाळी, थाळीत नवी कोरी पाचवी पट्टी.  त्यांनी मिठागराच्या कडेला जेसीबीने खड्डा खणायला सांगितलं आणि हितेशला म्हणाले, "तिचा मान तिच्यासंगं जाऊ दे. ही पन पट्टी बांध तिच्या पाठीवर."

मनस्वी मधे आली. ती रडत नव्हती. "बाबा," ती म्हणाली, "आता तरी उतरवा."

कुणीच हललं नाही. हितेशही नाही. तेव्हा महादेवशेठनी थाळी खाली ठेवली, स्वतः वाकले, पट्टा सोडला, आणि आम्हा चौघींना खिशांसकट ओढून काढून दोन्ही हातांनी उचललं. उचलताना तोल गेला आणि ते घोडीशेजारी मटकन बसले. इतक्या वर्षांत त्यांनी आम्हाला कधी हातात घेतलंच नव्हतं. थाळी दुसरे उचलत, चढवत दुसरे, आणि वाहत घोडी.

"येवढं जड हाय हे?" ते म्हणाले.

हायमकाका पुन्हा मिठागरावर आले नाहीत. महादेवशेठनी घोडा ठेवला नाही. मी कमिटीच्या कपाटात आहे, आणि तुम्हाला वाटेल आता मला कुणी विचारत नसेल. छे! मी आता साधी पट्टी राहिले नाही. मी शेवंतीचं शिसं आहे, आणि येत्या वैशाखात मी आपल्याच घोड्यावर चढावी म्हणून मालकांची आत्तापासून भांडणं लागली आहेत. परेशशेठ सगळ्यांत पुढे आहेत.

मित्रांनो, मी जाईन. नाही म्हणायला मला तोंड नाही. तुमच्यापैकी कुणाचे वडील, काका, मामा त्या भांडणात असतील तर माझं एवढं काम करा. मला घोड्यावर चढवण्याआधी त्यांच्या हातात द्या, भर उन्हात मैदानाच्या मधोमध उभं करा, आणि मंचावरची भाषणं संपेपर्यंत खाली ठेवू देऊ नका.