लोंढ्याच्या अलीकडचा फाटा

माझ्या सुनेला सायकलीचं खूळ लागलं त्याला दोन वर्षं झाली. नीलम बेळगावात बँकेत कामाला. दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरते म्हणून डॉक्टरनं हिंडाफिरायला सांगितलं, तर ह्या बाईनं सायकलच आणली. आता दर रविवारी पाच बायका डोक्यावर हेल्मेट घालून किल्ल्यापाशी जमतात आणि कुठं कुठं भटकून येतात. मी काही बोलत नाही. म्हणजे बोलते, पण ती ऐकत नाही.

यंदा दिवाळी सरली आणि तिनं जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. गोव्यातल्या मोलेमच्या नॅशनल पार्कला जायचं, तेही सायकलनं.

"अगं, जंगल बघायला मोलेमला कशाला? आमचा खानापूर तालुका काय वाळवंट हाय?" मी म्हटलं.

"आत्ती, तिथं डोंगर बघा की कसले आहेत! आणि आसपासच्या गावांतनं सायकलीला लई चांगले रस्ते आहेत." तिनं पेन्सिल फिरवून दाखवली. पहिल्या दिवशी खानापूर, लोंढा, रामनगर, मग अनमोडचा घाट उतरून मोलेम. दुसऱ्या दिवशी जीपनं जंगल बघायचं आणि ऊन उतरल्यावर गावातल्या रस्त्यांनी सायकल. तिसऱ्या दिवशी माघारी. घाट टेम्पोनं चढायचा, पुढं परत सायकल.

आमचे हे, म्हणजे भावकू, लगेच चष्मा लावून नकाशावर वाकले. "खानापुरात भाच्याकडं नाष्टा करा. गुंजीत भरमूकडं च्या. त्याच्या पुढं..."

"मामा, असं प्रत्येकाच्या दारात थांबलो तर मोलेमला पोचायला शिमगा उजाडेल."

"न थांबून कसं चालंल? दारावरनं गेलीस आन् पाणी प्याली न्हाईस, तर माणसं काय म्हणतील?"

ते खरंच होतं. आमच्याकडं पाहुण्याच्या दारावरनं तसंच पुढं जाणं म्हणजे त्याचं नाक कापल्यासारखं. मीही मान हलवत होते. तेवढ्यात यांचं बोट लोंढ्याच्या अलीकडं आलं आणि तिथंच थांबलं.

तिथं फाट्यावर माझ्या थोरल्या बहिणीचं घर आहे. रुक्माबाई तिचं नाव. मी आक्का म्हणते. अकरा वर्षं आम्ही एकमेकींचं तोंड बघितलं नव्हतं.

आमच्या आईनं शेवटची तीन वर्षं आक्काकडं अंथरुणावर काढली. मी महिन्यातनं एकदा जायची, फळं न्यायची, संध्याकाळच्या बसनं परत यायची. आई गेली. बाराव्याच्या जेवणाला सगळ्या भावकीसमोर आक्का म्हणाली, "जयाचं काय, पाहुणीगत येत हुती. उसाभर करायला मी एकटीच." मी भरल्या ताटावरनं उठले ते थेट बसमध्ये जाऊन बसले. माझ्या लेकाच्या, सौरवच्या लग्नाची पत्रिकासुद्धा तिला पाठवली नाही. ती बोलली ते खोटं असतं तर मी दुसऱ्या दिवशी विसरले असते.

"रस्ता बदल," मी नीलमला म्हटलं. "जांबोटीकडनं जा."

"तो रस्ता चोर्ल्याच्या घाटाकडं जातो, आत्ती. मोलेम पार बाजूला राहतं."

"मग तिच्या दारात थांबायचं न्हाय. पाणीसुद्धा प्यायचं न्हाय. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला."

"त्या मला ओळखत पण नाहीत. पण आत्ती, बरं नाही वाटत हे."

"बरं वाटायला सांगितलंय कुणी? शपथ घे."

घेतली बिचारीनं.

शुक्रवारी सकाळी त्या निघाल्या. मी शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले, उतारावर ब्रेक धरायला सांगितलं, आणि दिवसभर देवासमोर येरझाऱ्या घातल्या. चार वाजता फोन आला. पोचल्या होत्या. घाट कसा होता विचारलं तर म्हणाली, चांगला. खोली कशी आहे, तर चांगली. एवढी बडबडी पोरगी, आणि एकेक शब्द मोजून बोलत होती.

"नीलम, पडलीस का गं?"

तशी ती रडायलाच लागली. "आत्ती, फाट्यावर झाडाखाली एक आजी बसल्या होत्या. मांडीवर डबा होता. सायकल आली की प्रत्येकीला विचारत होत्या, 'नीलम का गं?' चौघी पुढं निघून गेल्या. मी शेवटची. मलाही विचारलं. मी गप्प बसून पुढं गेले. तुमची शपथ होती ना. मागं वळून बघितलं, तर एक बाई त्यांना हाताला धरून उठवत होती."

आक्काला हिचं नाव कुणी सांगितलं? आणि आजचा दिवस? मी फोन ठेवला आणि वळून बघितलं. हे पेपर वाचत होते. अर्धा तास एकच पान.

"अहो!"

"व्हय, मीच सांगितलं," हे म्हणाले. "अकरा वर्षं दर सोमवारी फोन करतोय मी आक्काला. भांडण तुझं हाय. मेव्हणी माझी हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आन् मला कळू दिलं न्हाईत? एका घरात राहून?"

"आक्कानंच नको म्हटलं. जया चिडंल म्हणाली." यांनी चष्मा काढला. "तिच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू हाय. सावलीएवढंच दिसतंय आता. डॉक्टर म्हणाले, तेबी राहायचं न्हाय. म्हणून बसली हुती रस्त्यावर. जयाची सून बघायची म्हणाली, दिसंल तेवढी."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. चांगली मोठ्यानं, शेजारीपाजारी ऐकतील एवढी. माझ्यासारखी करंटी बाई दुसरी नसेल असं वाटलं, आणि ते अजूनही वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी घरातली सगळी भांडी काढून घासली. चारदा फोन हातात घेतला, चारदा ठेवला. अकरा वर्षांनी पहिला शब्द कुठला काढायचा? हे सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "उद्या पोरी माघारी येणार. आक्का परत फाट्यावर बसणार हाय."

"वेड लागलंय काय तिला? पोरगी थांबली न्हाय, तरी?"

"पोरीला ऐकूच गेलं न्हाय म्हणती. कानावर हेल्मेट हुतं न्हवं, म्हणाली."

रविवारी मी एकटीच बसनं निघाले. यांनी येतो म्हटलं, मी नको म्हटलं. खानापुरापर्यंत मनात सगळं भाषण तयार केलं आणि गुंजी येईस्तोवर विसरले. फाटा जवळ आला तशी उठून कंडक्टरला म्हटलं, "इल्ले निल्लिसप्पा, हितंच थांबव बाबा," आणि बस नीट थांबायच्या आत उतरले.

आक्का फणसाच्या झाडाखाली पोतं टाकून बसली होती. केस पांढरेधोप झाले होते. केवढी थोराड बाई माझी बहीण, आता एवढीशी दिसत होती. शेजारी डबा, पाण्याची कळशी, पाच पेले. मी जाऊन तिच्याजवळ बसले.

"कोण गं?" तिनं विचारलं.

मी आणखी जवळ सरकले. तिनं हात पुढं केला, माझा हात सापडला, तो मनगटापर्यंत चाचपला आणि तसाच धरून ठेवला. दोन ट्रक गेले. एक बस गेली. तिचा हात काही सुटला नाही.

"आक्का," मी म्हटलं, "पोरीनं त्या दिवशी ऐकलं हुतं. मीच शपथ घातलीती, थांबायचं न्हाय म्हणून. तिचा काय दोष न्हाय. माझा हाय."

"ठाऊक हाय मला."

"ठाऊक हाय? मग ह्यास्नी ते हेल्मेटचं का सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं, तर लाजंनं तू आली नसतीस." ती माझ्याकडं तोंड करून बोलत होती, पण डोळे भलतीकडंच होते. "तुला मी जन्मल्यापास्नं बघतेय, जया."

मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. रस्त्यावरनं माणसं जात होती, बघत होती. बघेनात का. तिनं पदरानं माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जोरात.

थोड्या वेळानं रामनगरच्या बाजूनं, वळणावर सायकली दिसल्या.

"आल्या का?" आक्कानं विचारलं.

"आल्या."

"आपली कुठली?"

"शेवटची. निळ्या शर्टातली."

आक्का डबा उघडायला लागली. नीलमनं लांबूनच मान खाली घातलेली दिसली. शपथ पाळत होती पोरगी. मी उठले, पदर खोचला आणि दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले.